दहा दिवसांचे बाळ आणि डॉ. आनंदीबाई

आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. योग्य उपचारांअभावी बाळ दहाच दिवस जगले. ते दुःख उराशी धरून त्या १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. मायदेशी परतल्या, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्यांना गाठले. वयाची २२ वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

शतकानंतर गडचिरोलीच्या खेड्यांत ‘सर्च’च्या आरोग्यदूत महिलांनी घरीच नवजात बाळांची काळजी घेतली. नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले.

बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले, शांत असतानाही श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक झाले, तर थांबू नका. आशाताईंना कळवा, बाळाला उराशी उबेत धरून दवाखाना गाठा.