वाल्डेमार हाफकिन : साथीच्या काळात मृत्यूंचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ

मुंबईतील परळच्या संस्थेमुळे हाफकिन हे नाव महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. पटकी आणि प्लेग या दोन भीषण रोगांवर लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे भारतात गेली. साथीचा धोका नेमका किती, मृत्यूंचे आकडे कितपत विश्वसनीय आणि प्रवासावरील निर्बंधांचा उपयोग काय, या प्रश्नांवर त्या काळी देशात आणि परदेशात तीव्र वाद झाले. हाफकिन त्या वादाच्या केंद्रस्थानी होते आणि अखेरीस त्याची झळ त्यांनाही सोसावी लागली.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १८६० साली तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा येथील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे इल्या मेचनिकोव्ह हे तेथे त्यांचे गुरू होते. ज्यूविरोधी दंगलींच्या काळात स्वसंरक्षण दलात भाग घेतल्याबद्दल हाफकिन यांना अटक झाली होती. पदवी मिळाल्यानंतरही ज्यू असल्यामुळे त्यांना प्राध्यापकपदाची वाट बंद राहिली. १८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला. काही काळ जिनिव्हा येथे काम करून ते १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. तेथे सुरुवातीला त्यांना ग्रंथपालाचे काम मिळाले.

याच संस्थेत त्यांनी पटकीच्या जंतूंपासून लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. वैद्यकीय वर्तुळातील अनेकांना या लसीविषयी शंका होती. हाफकिन हे वैद्यकीय पदवीधर नव्हते, हाही आक्षेपाचा एक मुद्दा होता. लसीची खरी परीक्षा पटकीचा प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशातच होऊ शकत होती. भारताचे माजी व्हाइसरॉय आणि त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत असलेले लॉर्ड डफरिन यांच्या साहाय्याने १८९३ मध्ये हाफकिन भारतात आले.

तुलनेची पद्धत

सुमारे अडीच वर्षांत त्यांनी उत्तर भारत, बंगाल आणि आसाम या भागांत ४० हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. लस घेणे ऐच्छिक होते. केवळ लस घेतलेल्यांपैकी किती जण वाचले, एवढ्याच आकड्यावर हाफकिन समाधानी नव्हते. एकाच पलटणीतील, एकाच तुरुंगातील, एकाच चहामळ्यातील किंवा एकाच वस्तीतील लस घेतलेले आणि न घेतलेले लोक यांची तुलना व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. पाणी, अन्न आणि निवारा दोन्ही गटांना सारखाच असेल, तरच मृत्यूंच्या संख्येतील फरकाला अर्थ प्राप्त होतो, ही त्यांची भूमिका होती.

मार्च १८९४ मध्ये कोलकात्याच्या कट्टल बागान वस्तीत पटकीचे रुग्ण आढळले. वस्तीतील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतर तेथे जे नवे रुग्ण आढळले, ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. या निष्कर्षाने कोलकात्याचे आरोग्याधिकारी आणि नगरपालिका प्रभावित झाली.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा प्रादुर्भाव झाल्याचे मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी निदर्शनास आणून दिले. हा निष्कर्ष मान्य करण्यास प्रारंभी अनेक जण तयार नव्हते. जगाशी व्यापार करणाऱ्या बंदरात प्लेग असल्याचे जाहीर होणे म्हणजे त्या व्यापारावरच आघात होता. सरकारने हाफकिन यांना मुंबईस पाचारण केले. ऑक्टोबरमध्ये ते ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील तात्पुरत्या प्रयोगशाळेत काम करू लागले. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच कर्मचारीवर्ग होता. मांसरसात प्लेगचे जंतू वाढवताना त्यांनी वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. तुपाच्या आधाराने जंतूंची वाढ भरपूर होत असे. नंतर उष्णतेने हे जंतू मारून त्यांनी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तिची भारी मात्रा स्वतःला टोचून घेतली. ताप आणि वेदना सहन करीत त्यांनी आपले काम सुरू ठेवले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्मे कैदी स्वेच्छेने लस घेण्यास पुढे आले. साथ ओसरली तेव्हा लस न घेतलेल्या कैद्यांपैकी १२ जणांना लागण होऊन ६ जण दगावले होते. लस घेतलेल्यांपैकी दोघांना लागण झाली, मृत्यू एकही झाला नाही. लस टोचली त्याच दिवशी ज्यांच्यात रोगाची लक्षणे दिसली, त्यांना आधीच लागण झाली होती असे मानून या हिशेबातून वगळण्यात आले होते. स्वेच्छेने पुढे येणारे आणि मागे राहणारे लोक मुळातच भिन्न असू शकतात, असाही आक्षेप घेता येण्यासारखा होता.

या आक्षेपाला उत्तर ठरेल असा प्रयोग फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंधेरा या गावी झाला. तेथे प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या सदस्यांना लस टोचण्यात आली. एकाच छपराखाली राहणारी, एकाच चुलीवरचे अन्न खाणारी माणसे अशा रीतीने दोन गटांत विभागली गेली. पुढे २८ कुटुंबांत प्लेगचा शिरकाव झाला. या कुटुंबांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना लागण होऊन ३ जण मृत्यू पावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना लागण झाली आणि त्यांपैकी २६ जण दगावले.

मृत्यूंची नोंद आणि प्रवासावरील निर्बंध

तुरुंगात किंवा लहान गावात मृत्यू मोजणे शक्य होते. मुंबईसारख्या शहरात ते अत्यंत कठीण होते. घरात प्लेगचा रुग्ण असल्याचे कळताच त्याला रुग्णालयात आणि कुटुंबीयांना विलगीकरण छावणीत नेले जाई. त्यामुळे लोक आजार लपवीत आणि मृत्यूचे कारण साधा ताप किंवा छातीचा विकार असे सांगत. परिणामी प्लेगच्या नावे नोंदलेले मृत्यू आणि शहरातील एकूण मृत्यू यांत मोठी तफावत पडू लागली. पूर्वीच्या वर्षांतील सरासरीपेक्षा किती मृत्यू अधिक झाले, हे पाहून साथीची व्याप्ती ठरवावी, असा मार्ग तेव्हा अवलंबिला गेला. जनगणनेनेही या संकटाची कल्पना दिली. १८९१ मध्ये ८ लाख २१ हजारांवर असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांपर्यंत उतरली होती. या घटीत मृत्यू होते, तसेच शहर सोडून गेलेले लोकही होते.

१८९७ च्या प्रारंभी लाखो लोक मुंबई सोडून गेले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला आणि प्रवासी, जहाजे व घरे यांची तपासणी करण्याचे व्यापक अधिकार प्रशासनाला मिळाले. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून त्यांची तपासणी होऊ लागली. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना तिचा जाच अधिक झाला. मद्रास इलाख्यात रोगग्रस्त भागातून येणाऱ्यांसाठी प्लेगचे परवाने सुरू झाले. परवानाधारकाला ठरावीक दिवस अधिकाऱ्यांपुढे हजेरी द्यावी लागे. युरोपीय राष्ट्रांनी भारतीय जहाजांवर आणि मालावर निर्बंध घातले. फेब्रुवारी आणि मार्च १८९७ मध्ये व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. त्या वर्षी हज यात्रेसाठी भारतातून होणारी वाहतूकही स्थगित करण्यात आली.

महाराष्ट्रात या उपायांचे पडसाद तीव्रतेने उमटले. पुण्यात रुग्णसेवा करताना प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. लोकमान्य टिळक यांनी पुण्यात रुग्णालय सुरू करण्यात पुढाकार घेतला आणि घरझडतीच्या जुलमी पद्धतीवर टीका केली. २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. मार्च १८९८ मध्ये मुंबईतही दंगल उसळली. त्यानंतर सरकारला आपले कठोर धोरण शिथिल करावे लागले.

या पार्श्वभूमीवर लसीला वेगळे महत्त्व आले. काही ठिकाणी लस घेतल्याचा दाखला दाखवणाऱ्यांना विलगीकरणातून सूट देण्यात येऊ लागली. मात्र ही सवलत म्हणजे आडमार्गाने केलेली सक्ती आहे, अशी शंकाही अनेकांना आली. लसीविषयी अफवा पसरत असताना आगा खान तिसरे यांनी उघडपणे लस घेतली आणि आपल्या खोजा अनुयायांना तशी प्रेरणा दिली. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली वास्तूही उपलब्ध करून दिली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये स्थलांतरित झाली.

दरम्यान १८९८ मध्ये पॉल लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीतील प्रयोगातून उंदरांच्या पिसवांमार्फत प्लेग पसरतो, हे दाखवले. हा निष्कर्ष सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. तोपर्यंत प्रवाशांच्या काखा आणि जांघा तपासल्या जात होत्या, आणि धान्याच्या पोत्यांबरोबर फिरणाऱ्या उंदरांकडे पुरेसे लक्ष नव्हते. प्रोफेसर फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग आयोगाने लसीमुळे लागण आणि मृत्यू दोन्ही कमी होतात, असा निर्वाळा दिला. लसीच्या मात्रेचे प्रमाणीकरण समाधानकारक नाही, असा ठपकाही आयोगाने ठेवला.

मुल्कोवालची दुर्घटना

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. हे गाव आता पाकिस्तानात आहे. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मृत्यू पावले. इतर बाटल्यांतील लस घेतलेले लोक सुखरूप होते. चौकशी समितीने बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत, लस दूषित झाली असा निष्कर्ष काढला. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी पद्धतीत बदल करून कार्बोलिक आम्लाचा वापर वगळला होता, हे त्यांच्याविरुद्ध गेले. त्यांना संचालकपद गमवावे लागले आणि १९०४ मध्ये ते भारतातून परतले.

लस अनेक आठवडे आधी दूषित झाली असती, तर बाटलीला दुर्गंधी आली असती आणि रोगाची लक्षणे अधिक लवकर दिसली असती, असा हाफकिन यांचा युक्तिवाद होता. बाटली उघडताना वापरलेला चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि त्याचे योग्य निर्जंतुकीकरण झाले नव्हते, ही बाब कागदपत्रांतून पुढे आली. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळवणारे रोनाल्ड रॉस यांनी त्यांची बाजू हिरिरीने मांडली. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा तज्ज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्स दैनिकात प्रसिद्ध झाले. अखेर त्याच वर्षी हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला. या दुर्घटनेने लसीकरणाची मात्र मोठी हानी झाली. १९ मृत्यूंची बातमी सर्वत्र पोहोचली. लसीमुळे टळलेल्या मृत्यूंची गणती मोठी असली तरी वाचलेल्यांची नावे कोठेही नोंदली गेली नव्हती.

अखेरची वर्षे

१९०७ च्या अखेरीस हाफकिन पुन्हा भारतात आले. त्यांनी कोलकात्याच्या प्रयोगशाळेत काम केले. परंतु मानवी चाचण्या घेण्याची पूर्वीसारखी मोकळीक त्यांना मिळाली नाही. निवृत्तीनंतर ते फ्रान्समध्ये आणि शेवटी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहिले. अविवाहित असलेल्या हाफकिन यांनी आपली संपत्ती ज्यू धार्मिक शिक्षणासाठी दान केली. ऑक्टोबर १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच, १९२५ साली, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या होत्या. भारतात प्लेगने त्या सुमारास एक कोटीहून अधिक बळी घेतले. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने हाफकिन यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रकाशित केले.

२०२० मध्ये कोविडची महामारी आली, तेव्हा केंद्र आणि राज्य सरकारांनी १८९७ च्याच साथरोग कायद्याचा आधार घेतला. मृत्यूंची खरी संख्या, प्रवासबंदी आणि लसीचा दाखला या विषयांवर पुन्हा वाद झाले. लस घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांची समान परिस्थितीत तुलना करणे, हीच याही वेळी लसीच्या परीक्षेची मान्य पद्धत होती. उंधेरा गावातील २८ कुटुंबांचा हिशेब या पद्धतीच्या भारतातील आरंभीच्या उदाहरणांपैकी एक होय.