तीन प्रकारांचा पोलिओ, असंख्य रूपांचा एचआयव्ही

बाळाला थेंबांबरोबर पोलिओचे इंजेक्शनही देतात. त्यामागचे तत्त्व डॉ. जोनास साल्क यांचे. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूयॉर्कमधील साध्या ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९३९ मध्ये ते डॉक्टर झाले. पण रुग्णसेवेऐवजी त्यांनी संशोधन निवडले.

मिशिगनमध्ये थॉमस फ्रान्सिस यांच्या हाताखाली त्यांनी फ्लूच्या लशीवर काम केले. १९४७ मध्ये ते पिट्सबर्गला आले. पोलिओ विषाणूचे प्रकार नेमके किती, हे ठरवण्याच्या किचकट कामात तिथे त्यांचा मोठा वाटा होता. प्रकार तीनच निघाले. साल्क यांनी तिन्ही फॉर्मॅलिनने निष्क्रिय करून एकाच लशीत आणले. १९५४ च्या चाचणीत सुमारे १८ लाख मुले सहभागी झाली आणि १२ एप्रिल १९५५ रोजी लस यशस्वी ठरल्याचे जाहीर झाले. तिचे पेटंट त्यांनी घेतले नाही.

१९८७ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी हाच मार्ग एचआयव्हीसाठी सुचवला. निष्क्रिय विषाणू टोचून बाधितांची प्रतिकारशक्ती वाढवायची, अशी ती कल्पना. पण हा शत्रू वेगळा होता.

एचआयव्हीच्या आवरणावरचे जीपी१२० हे प्रथिन आपल्या पेशीवरील सीडी४ ला चिकटते. जीपी४१ आत शिरायला वाट करून देते. स्वतःची नक्कल करताना हा विषाणू सतत चुका करतो. त्यामुळे उपप्रकारांच्या आवरण-प्रथिनांत साधारण २५ ते ३५ टक्के फरक पडतो. जीपी१२० वरचे वळसे आणि त्यांना झाकणाऱ्या शर्करेच्या साखळ्या बदलतात. म्हणूनच अमेरिकेतील बी उपप्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या सी उपप्रकाराला रोखतीलच असे नाही.

साल्क यांनी वापरलेला विषाणू झाईरमधील १९७६ च्या रक्तनमुन्यातला. त्याचे आवरण ए, तर गाभा जी उपप्रकाराचा. लस बनवताना जीपी१२० गळून पडे. सारी भिस्त आतल्या, कमी बदलणाऱ्या प्रथिनांवर होती. २३ जून १९९५ रोजी साल्क यांचे निधन झाले. पुढे १९९९ मध्ये, लाभ दिसत नसल्याने या लशीची मोठी चाचणी थांबवली गेली.

एचआयव्हीवर लस अजूनही नाही. मात्र एआरटीच्या नेहमीच्या गोळ्या आवरणावर नव्हे, तर विषाणूच्या एन्झाइमवर घाव घालतात. त्यामुळे सी उपप्रकारही आटोक्यात राहतो. सरकारी एआरटी केंद्रांत त्या मोफत मिळतात. शंका असेल तर तपासणी लांबवू नका. आणि सुरू केलेली गोळी एक दिवसही चुकवू नका.