मलिक अंबर : सैनिक ते कारभारी

मलिक अंबर कोण असं विचारलं की मुलं चटकन सांगतात, गनिमी काव्याने लढणारा. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं तुम्ही त्यांना सांगायला हवं.

साधारण 1548 साली इथिओपियात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. फिरत फिरत बगदादला पोचला. तिथल्या मालकाने त्याला शिकवलं, अंबर हे नाव दिलं. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. गंमत बघा, हा पेशवाही हबशीच आणि एकेकाळचा गुलाम! त्याच्या पदरी सुमारे 1000 हबशी शिपायांची कसलेली फौज होती. अंबर त्यात तयार झाला.

मालक वारला आणि अंबर मोकळा झाला. काही काळ त्याने विजापूरची चाकरी केली. अहमदनगरला परत आला तेव्हा त्याच्या हाताखाली जेमतेम 150 स्वार होते.

1600 मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपल्यातच जमा होती. अंबरने राजघराण्यातला एक तरुण, मुर्तजा, गादीवर बसवला, त्याला आपली मुलगी दिली आणि कारभार हाती घेतला.

खरी परीक्षा इथून पुढची. फौजेला पगार हवा, पगाराला महसूल हवा, आणि महसूल देणारी रयत तर लढायांनी मोडलेली. वसुली इजाऱ्याने चाले. म्हणजे ठरलेली रक्कम सरकारात भरायची आणि शेतकऱ्याकडून हवं तेवढं ओरबाडायचं. अंबरने हा इजारा बंद केला. जमिनी मोजल्या, त्यांचा कस आणि पीक पाहून सारा ठरवला, वसुलीत गावच्या पाटील-कुलकर्ण्यांना धरलं. माझ्या मते हे काम लढाईपेक्षा अवघड. शिवकाळातल्या महसूल व्यवस्थेतही याचा माग लागतो.

1610 मध्ये त्याने खडकी शहर वसवलं. 1616 मध्ये मुघलांनी ते लुटलं, उद्ध्वस्त केलं. त्याने पुन्हा उभं केलं. शहराला पाणी आणलं ते कसं, हे मुलांना फळ्यावर आकृती काढून दाखवा : उत्तरेच्या डोंगरात झिरपणारं पाणी जमिनीखालच्या नळांतून, निव्वळ उताराच्या जोरावर, गावात. मोट नाही की बैल नाही! हीच नहर-ए-अंबरी. (पाणचक्की त्याच्या नंतरची बरं का. सहलीत हा घोळ हमखास होतो.)

लढाया थांबल्या नव्हत्याच. 1624 मध्ये भातवडीला मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र आल्या. अंबरने तलावाचा बांध फोडून त्यांच्या छावणीची दैना केली. शहाजीराजे तेव्हा त्याच्या बाजूने लढले. अंबरचं वय होतं पंचाहत्तरच्या आसपास. बादशहा जहांगीरला हा माणूस इतका सलत होता की त्याने एक चित्र काढून घेतलं : अंबरच्या तुटलेल्या डोक्यावर बाण सोडणारा जहांगीर. प्रत्यक्षात ते डोकं त्याच्या हाती कधीच लागलं नाही.

1626 मध्ये अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. मुलगा फत्तेखान याला राज्य राखता आलं नाही, 1633 मध्ये दौलताबाद मुघलांकडे गेलं. खडकीचं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. नहरीचं पाणी मात्र त्यानंतरही कित्येक पिढ्या प्यायल्या.