आकड्यांना माणसांच्या गरजेशी जोडणारे धनंजयराव गाडगीळ

नागपूर : सरकारी कार्यालयांपासून खासगी कंपन्यांपर्यंत आज सर्वत्र ‘डॅशबोर्ड’चा बोलबाला आहे. कारभाराची सारी आकडेवारी संगणकाच्या एका पडद्यावर यावी आणि ती पाहून निर्णय घेता यावा, ही त्यामागची कल्पना. परंतु विक्री विभागाला एक आकडा हवा असतो, तर लेखा विभागाला दुसरा. सर्वांचे समाधान करू पाहणारा पडदा अखेर कोणाच्याच उपयोगी पडत नाही. हाच पेच संगणकयुगापूर्वी देशपातळीवर सोडविणारे अर्थतज्ज्ञ म्हणजे डॉ. धनंजय रामचंद्र गाडगीळ. त्यांचे शिक्षण नागपूरच्या पटवर्धन हायस्कूलमध्ये झाले होते, हे अनेक नागपूरकरांनाही ठाऊक नसेल.

10 एप्रिल 1901 रोजी नाशिक येथे त्यांचा जन्म झाला. नागपूरहून ते केंब्रिजला गेले. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ 1924 मध्ये प्रसिद्ध झाला. 1930 मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, तेव्हा तिची धुरा त्यांच्याकडे आली. वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची आणि पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक स्थितीची पाहणी हे संस्थेचे गाजलेले काम. ज्यांच्याविषयी आकडे मांडायचे, त्यांच्या दारात जाऊन ते गोळा करण्याची शिस्त त्यातून रुजली. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

खरी कसोटी लागली ती दिल्लीत. 1967 मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राचे साहाय्य कोणत्या निकषावर वाटावे, यावरून राज्यांत असंतोष होता. मोठ्या राज्यांना लोकसंख्या महत्त्वाची वाटे, गरीब राज्यांना दरडोई उत्पन्न, तर धरणे अर्धवट राहिलेल्यांना त्यांचा खर्च. गाडगीळांनी निकषांची गर्दी होऊ दिली नाही. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांची गरज आधी भागवून उरलेल्या रकमेपैकी 60 टक्के लोकसंख्येवर, तर दरडोई उत्पन्न, करवसुलीतील प्रयत्न, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि विशेष समस्या यांवर प्रत्येकी 10 टक्के वाटायचे ठरले. 1969 मध्ये मान्य झालेले हेच ते ‘गाडगीळ सूत्र’. आपला वाटा कशामुळे ठरला, हे राज्यांना बव्हंशी कळू लागले.

सूत्र निर्दोष नव्हते. गरिबीला केवळ 10 टक्के वजन मिळाल्याची टीका झाली. 1980 मध्ये प्रकल्पांचा निकष काढून त्याचे 10 टक्के दरडोई उत्पन्नाच्या निकषात मिळविण्यात आले. गरज बदलली की मांडणीही बदलावी लागते, हा त्याचा धडा. तो बदल पाहण्यास गाडगीळ नव्हते. 3 मे 1971 रोजी त्यांचे निधन झाले होते.

नियोजन आयोगाची जागा 2015 मध्ये नीती आयोगाने घेतली. 2018 पासून आकांक्षित जिल्ह्यांची प्रगती डॅशबोर्डवर मोजली जाऊ लागली. सुरुवातीच्या 49 निर्देशांकांच्या त्या चौकटीत नागपूर विभागातील गडचिरोलीचाही समावेश झाला. पण पडद्यावरील आकडा दिल्लीतील अधिकाऱ्यासाठी आहे की भामरागडच्या आरोग्यसेविकेसाठी, हे आधी ठरवावे लागते. गाडगीळांच्या कार्याचे स्मरण त्यासाठीच करायचे.