साडीतील मेरीमाता

चित्रकार अँजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव्ह येथे एका कॅथलिक कुटुंबात झाला. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्यापाशी शिकून ते परतले आणि त्यांनी मेरीमातेला साडी नेसविली. ही त्यांची उपासनाच होती. परंतु गोव्यातील अनेक धर्मबांधवांना ती रुचली नाही. अखेर त्यांना गोवा सोडावा लागला. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला. आश्रम अँग्लिकन पंथाचा, पण फोन्सेकांनी आपली कॅथलिक श्रद्धा सोडली नाही व कुंचलाही खाली ठेवला नाही. १९६७ साली पुण्यातच ते निवर्तले. पुढे त्यांची बरीच चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आली. चित्रकाराला जे जमले नाही, ते त्याच्या मेरीमातेने साधले. ती गोव्यास परतली.