दारातून परतलेला यात्री

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेपासून पवनार काही फार दूर नाही. धाम नदीकाठच्या त्या ठिकाणी विनोबा भावे १९३८ साली राहावयास आले. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले. परधर्मातील उणिवा हुडकण्यासाठी नव्हे, तर स्वतःची श्रद्धा पारखून घेण्यासाठी.

तथापि अशा अभ्यासाची कसोटी पोथीपुढे लागत नसते. १९५३ मध्ये तेव्हाच्या बिहारातील देवघर येथे दलितांसह ते वैद्यनाथाच्या दर्शनास गेले असता पंड्यांनी मारहाण केली. त्यांच्या कानाला इजा झाली. मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये, असेच त्यांनी कळविले. १९५५ मध्ये जगन्नाथपुरीस सोबतच्या फ्रेंच भगिनीला प्रवेश नाकारला गेला, तेव्हा तेही दर्शन न घेताच परतले. पुजाऱ्यांना दोष देणे सोपे होते. स्वतःच्या दर्शनावर पाणी सोडणे अवघड. या सौम्यपणामुळे रूढीचे फावले, असा आक्षेप घेता येईल, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. १९५८ साली मात्र पंढरपुरात परधर्मीय सहकाऱ्यांसह ते विठ्ठलासमोर उभे राहिले. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते.