लिंडले मरे आणि यॉर्कच्या शाळेतील व्याकरण

इंग्रजी व्याकरणाच्या अध्यापनाच्या इतिहासात ज्यांचे नाव टाळता येत नाही, ते लिंडले मरे (१७४५-१८२६) पेशाने शिक्षक नव्हते आणि जन्माने इंग्लंडचेही नव्हते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात एका क्वेकरपंथीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील रॉबर्ट मरे आरंभी गिरणीमालक होते. पुढे ते न्यूयॉर्कमधील संपन्न व्यापारी झाले. मॅनहॅटनमधील मरे हिल हा भाग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वडिलांची शिस्त कडक होती. एकदा झालेली शिक्षा असह्य वाटल्याने मुलगा घरातून निघून गेला. पण गेला तो बर्लिंग्टन येथील निवासी शाळेत, आणि स्वतःच तेथे दाखल झाला. बंडाचे हे रूप पुढील चरित्राशी सुसंगतच म्हटले पाहिजे. व्यापाराची पेढी नाकारून त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश जॉन जे हे त्या वेळी त्यांचे सहाध्यायी होते. १७६७ मध्ये हॅना डॉब्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात शस्त्र न धरण्याच्या पंथनिष्ठेने ते काही काळ लाँग आयलंडवर राहिले. नंतर ब्रिटिशांच्या ताब्यातील न्यूयॉर्कमध्ये व्यापार करून त्यांनी पुरेसे धन मिळविले. १७८४ मध्ये त्यांनी देश सोडला. प्रकृती हे त्याचे प्रकट कारण. युद्धोत्तर राजकारणाचाही त्यात वाटा असावा, असे अलीकडच्या काही अभ्यासकांचे मत आहे. यॉर्कजवळील होल्गेट येथे ते स्थायिक झाले. स्नायूंची दुर्बलता वाढत गेली आणि अखेरची अनेक वर्षे त्यांनी घरातच बसून काढली.

यॉर्कमध्ये क्वेकर मुलींसाठी एस्थर ट्यूक यांच्या पुढाकाराने १७८५ मध्ये एक शाळा सुरू झाली होती. तेथे शिकविणाऱ्या तरुणींना स्वतःलाच इंग्रजी व्याकरणाचे पद्धतशीर शिक्षण मिळालेले नव्हते. लॅटिन हा मुलांच्या शाळांचा विषय. मुलींना व्याकरण शिकवायचे तर ते मातृभाषेतूनच शिकवावे लागणार होते. मरे यांनी या शिक्षिकांना घरी धडे दिले आणि त्यांच्याच आग्रहावरून ग्रंथलेखन स्वीकारले. १७९५ मध्ये त्यांचे इंग्रजी व्याकरण यॉर्क येथे प्रसिद्ध झाले. एका शाळेच्या निकडीपलीकडे लेखकाची तेव्हा काही अपेक्षा नव्हती.

ग्रंथाची मांडणी पाहिली की वकिली शिस्त लक्षात येते. वर्णविचार, शब्दविचार, वाक्यविचार आणि उच्चार-छंद असे त्याचे चार भाग आहेत. वाक्यविचार बावीस नियमांत बांधलेला आहे. पाठ करावयाचे नियम मोठ्या टाइपात आणि त्यांचे विवरण लहान टाइपात छापले गेले. शिक्षकाच्या दृष्टीने ही छपाईतील तजवीज कोणत्याही सिद्धांताइतकीच मोलाची होती. १७९७ मध्ये अभ्यासपुस्तक व त्याची उत्तरपुस्तिका निघाली. या पुस्तकात चुकीचे वर्णलेखन, सदोष अन्वय व विरामचिन्हांचे दोष असलेली वाक्ये देऊन ती विद्यार्थ्यांकडून शुद्ध करून घेतली जात. लेखन शिकविणे म्हणजे दोष ओळखावयास शिकविणे, ही समजूत येथे पक्की झाली. शिवाय उदाहरणवाक्ये बहुधा नीतिपर निवडलेली होती. कर्ता-क्रियापदाचा मेळ शिकता शिकता संयम आणि श्रद्धा यांचेही पाठ मुलींना मिळत. भाषेची शुद्धता व आचरणाची शुद्धता यांची ही सांगड ग्रंथाच्या यशाचे कारण ठरली, तशीच त्याची मर्यादाही. लोक प्रत्यक्ष कसे बोलतात, याला त्यात फारसे स्थान उरले नाही.

मौलिकतेचा दावा मरे यांनी केला नाही. रॉबर्ट लोथ, प्रीस्टली, ब्लेअर आदी पूर्वसूरींकडून त्यांनी मुक्तपणे घेतले आणि स्वतःला संकलक म्हटले. तरीही उसनवारीचा आरोप झाला. त्यांच्या सर्व पाठ्यपुस्तकांच्या मिळून दीड कोटीहून अधिक प्रती खपल्याचा अंदाज केला जातो. ग्रंथांचे उत्पन्न त्यांनी परोपकारासाठी दिले. मनोरुग्णांना मानवतेने वागविणाऱ्या यॉर्कच्या रिट्रीट या संस्थेच्या उभारणीतही त्यांचा हातभार होता. १८२६ मध्ये होल्गेट येथेच त्यांचे निधन झाले.

हे व्याकरण हिंदुस्थानातील इंग्रजी शाळांतही पोहोचले. मरे यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १८३६ मध्ये, दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण मुंबईत प्रसिद्ध झाले. त्याच्या मांडणीवर मरे यांच्या ग्रंथाची छाया असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. नीतिपाठ वगळला गेला, चौकट आली. मरे यांनी इंग्रजीच्या नऊ शब्दजाती मानल्या होत्या. त्यांतील उपपद मराठीत नाही, ते वजा केले की मराठी शाळांत रूढ झालेल्या नाम ते केवलप्रयोगी या आठ शब्दजातींशी हिशेब जुळतो. विभक्तीच्या बाबतीत मात्र ही चौकट अपुरी पडली. मरे यांनी नामाच्या आधी दोन व पुढील आवृत्त्यांत तीन विभक्ती मानल्या. मराठीला तेवढ्यावर भागविता येण्याजोगे नव्हते, म्हणून तेथे संस्कृत परंपरेकडे वळावे लागले. या दोन वारशांच्या सांध्यावर निर्माण झालेले प्रश्न मोरो केशव दामले यांना १९११ च्या शास्त्रीय मराठी व्याकरणात विस्ताराने हाताळावे लागले.